१०० वॅटचा स्पीकर हळू का वाजतो? (स्पीकरच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांचा आवाज कसा जुळवायचा)



आजचा पाठ पुस्तकात याच नावाने सापडणार नाही. पण त्याची मुळं तुमच्या नववी-दहावीच्या विज्ञानातच आहेत: ओहमचा नियम, रोधांची एकसर आणि समांतर जोडणी, विद्युत शक्ती आणि ध्वनी. हे सगळं एकत्र कुठे लागतं, असं कुणी विचारलं तर मी आता शाळेच्या सभागृहाकडे बोट दाखवतो.

झालं असं. आमच्या सभागृहात स्पीकरची एक जुनी जोडी होती, लाकडी खोक्यातली. माजी विद्यार्थ्यांनी एक नवी जोडी भेट दिली. आम्ही नवी जोडी स्टेजच्या दोन्ही बाजूंना लावली, जुनी मागच्या रांगांजवळ नेली आणि दोन्ही जोड्या एकाच स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडून मोकळे झालो. स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली. निवेदन करणाऱ्या मुलीचा आवाज पुढच्या मुलांच्या कानठळ्या बसवत होता आणि मागची मुलं "ऐकू येत नाही" म्हणून हात हलवत होती. आवाज वाढवला, तर पुढच्यांनी कानांवर हात ठेवले. बॅलन्सचं बटण फिरवलं, तर सभागृहाची अख्खी एक बाजूच मुकी झाली. शेवटी नाच ऐन रंगात आलेला असताना अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडला.

तेवढ्यात नववीतला एक मुलगा स्पीकरच्या मागची पट्टी वाचून आला. म्हणाला, "सर, जुन्यावर १०० वॅट लिहिलंय आणि नव्यावर ६०. मग १०० वाला हळू का वाजतो?"

प्रश्न अगदी नेमका होता. चला, त्याचंच उत्तर शोधू या.

१. वॅटचा आकडा काय सांगतो?

स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे त्याचा आवाज नव्हे. तो स्पीकर जास्तीत जास्त किती विद्युत शक्ती सहन करू शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. एखाद्या पोत्यात १०० किलो धान्य मावतं याचा अर्थ त्यात आत्ता १०० किलो धान्य भरलेलं आहे असा होत नाही. तसंच हे.

शिवाय मिळालेल्या शक्तीचं ध्वनीत रूपांतर करण्यात सगळे स्पीकर सारखे हुशार नसतात. नेहमीच्या स्पीकरला दिलेल्या विद्युत ऊर्जेचा साधारण शंभरातला एखादा भाग, कधी त्याहूनही कमी, ध्वनी होऊन बाहेर पडतो. उरलेल्या ऊर्जेची आतल्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होते. आता एका स्पीकरमध्ये एक टक्का ध्वनी होत असेल आणि दुसऱ्यात पाव टक्का, तर सारखीच वीज देऊनही पहिल्यातून चौपट ध्वनी ऊर्जा निघेल. म्हणजे ६० वॅटवाला १०० वॅटवाल्याच्या वरचढ वाजेल. यात नवल काहीच नाही.

२. मग कोणता आकडा पाहायचा?

पाहायचा आकडा म्हणजे संवेदनशीलता, दुकानदारांच्या भाषेत 'सेन्सिटिव्हिटी'. स्पीकरला १ वॅट शक्ती दिली आणि समोर १ मीटरवर आवाज मोजला, तर तो किती डेसिबल भरतो, हे ती सांगते. आमच्या नव्या जोडीच्या कागदावर ९२ डेसिबल असं छापलेलं होतं. जुन्या जोडीवर हा आकडाच नव्हता, तो आम्ही मोजून काढला. तो कसा, हे पुढे येतंच.

आता डेसिबल म्हणजे काय? टेलिफोनशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून 'बेल' हे एकक आलं. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. हे एकक किलो किंवा मीटरसारखं सरळ बेरजेचं नाही, ते पटींचं आहे. एवढं पाठ ठेवलं तरी आजच्यापुरतं पुरे:

- ३ डेसिबल वाढ म्हणजे शक्ती २ पट
- ६ डेसिबल वाढ म्हणजे शक्ती ४ पट
- १० डेसिबल वाढ म्हणजे शक्ती १० पट

आणि आपल्या कानाची गंमत पाहा. शक्ती १० पट झाली, तेव्हा कुठे कानाला आवाज साधारण 'दुप्पट' झाल्यासारखा वाटतो. १ डेसिबलचा फरक तर बोलण्यात सहसा कळतही नाही. म्हणून दोन जोड्या जुळवताना एक-दीड डेसिबलसाठी जिवाचा आटापिटा करायचा नाही. पण ६ डेसिबलचा फरक कुणाच्याही कानाला कळतो.

३. ओहमचा आकडा: इथे अ‍ॅम्प्लिफायर जळतो

स्पीकरच्या पट्टीवर दुसरा आकडा असतो ओहमचा: ४, ६ किंवा ८. याला इम्पिडन्स म्हणतात. आपण सोयीसाठी रोध म्हणू. खरं तर तो प्रत्येक वारंवारतेला थोडा बदलतो, ८ ओहम हा नावापुरता धरलेला आकडा असतो. मल्टिमीटर लावून पाहिलंत तर ८ ओहमचा स्पीकर बहुधा ६-७ च्या आसपास दाखवेल. घाबरू नका, स्पीकर बिघडलेला नाही.

आता विद्युत शक्तीचं सूत्र आठवा:

शक्ती = विभवांतर × विभवांतर ÷ रोध

समांतर जोडणीत दोन्ही स्पीकरला विभवांतर सारखंच मिळतं. समजा ते २.८३ व्होल्ट आहे. २.८३ चा वर्ग जवळपास ८. म्हणून ८ ओहमच्या स्पीकरला ८ ÷ ८ = १ वॅट मिळेल आणि ४ ओहमच्या स्पीकरला ८ ÷ ४ = २ वॅट. दुप्पट शक्ती म्हणजे ३ डेसिबल जास्त. दोघांची संवेदनशीलता १ वॅटला सारखी असली, तरी ४ ओहमवाला मोठा वाजणार.

इथे एक बारीक खाच आहे. काही कंपन्या संवेदनशीलता १ वॅटला देतात, काही २.८३ व्होल्टला. ८ ओहमसाठी दोन्ही एकच. पण ४ ओहमच्या स्पीकरवर '२.८३ व्होल्ट' लिहिलं असेल, तर वरचे ३ डेसिबल त्या आकड्यात आधीच धरलेले असतात. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते आधी पाहा.

आता आमचा अ‍ॅम्प्लिफायर का तापला, ते बघू. त्याच्या मागे 'स्पीकर ६ ते १६ ओहम' असं लिहिलेलं होतं. आम्ही डाव्या बाजूला पुढचा डावा आणि मागचा डावा असे दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले होते. उजवीकडेही तसंच. समांतर जोडणीत ८ आणि ८ मिळून होतात ४ ओहम. म्हणजे पट्टीवरच्या किमान आकड्याच्याही खाली! रोध निम्मा झाला की तेवढ्याच विभवांतराला धारा दुप्पट वाहते. त्यात आम्ही मागच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवत गेलो. बिचारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडला, हे आमचं नशीब. संरक्षणाची सोय नसती, तर आतले भागच गेले असते. एक स्पीकर ८ चा आणि एक ४ चा असता, तर एकूण रोध २.६७ ओहम झाला असता. मग तर विचारूच नका.

मग एकसर जोडणी करायची का? ८ आणि ८ एकसर म्हणजे १६ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर खूश. पण वेगवेगळ्या जातीचे दोन स्पीकर एकसर जोडू नयेत. एकाचा रोध ज्या वारंवारतेला वाढतो, तिथे दुसऱ्याच्या वाट्याचं विभवांतर कमी होतं. परिणाम असा, की दोघांचाही सूर बिघडतो. एकसर जोडायचेच असतील तर एकाच जातीचे, एकाच मॉडेलचे जोडा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

४. बॅलन्सच्या बटणाने काम का झालं नाही?

कारण ते बटण त्या कामासाठी नसतंच. स्टिरिओमध्ये आवाजाचे दोन वेगळे प्रवाह असतात, डावा आणि उजवा. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतले अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये अशा दुहेरी ध्वनीच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता. दोन्ही कानांना किंचित वेगळा आवाज मिळाला, की गायक मधोमध उभा आहे आणि तबला एका बाजूला आहे असा भास होतो. बॅलन्सचं बटण या डाव्या-उजव्या प्रवाहांचं प्रमाण बदलतं. पुढच्या आणि मागच्या जोडीचं नाही.

मोटारीतल्या स्टिरिओमध्ये पुढे-मागेसाठी 'फेडर' नावाची वेगळी सोय असते. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ती नव्हती. शिवाय डाव्या प्रवाहावर पुढचा आणि मागचा असे दोन्ही डावे स्पीकर होते. म्हणून बटण फिरवलं की सभागृहाची एक संपूर्ण बाजू गप्प होत होती.

५. आधी तपासा, मग मोजा

उपाय करण्याआधी दोन कामं करावी लागतात. आम्हीही ती नंतरच केली, आधी केली असती तर तालीम वाया गेली नसती.

पहिलं काम: तारांची दिशा. प्रत्येक स्पीकरला लाल आणि काळं अशी दोन टोकं असतात. जोडीतल्या एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. खालचे, जाड सूर एकमेकांना मारतात. आवाज पोकळ आणि पसरट होतो आणि आपल्याला वाटतं, ही जोडीच हळू आहे.

तपासायला १.५ व्होल्टचा साधा सेल पुरतो. स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा. सेलचं धन टोक लाल तारेला आणि ऋण टोक काळ्या तारेला क्षणभर टेकवा. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर सरकला पाहिजे. आत गेला, तर कुठे तरी तारा उलट आहेत. सेल धरून ठेवायचा नाही, फक्त टेकवायचा. आमच्या जुन्या जोडीतला एक स्पीकर चक्क उलटा निघाला! किती वर्षं तसाच वाजत होता, कोण जाणे.

दुसरं काम: फरक मोजणं. मोबाइलवर आवाज मोजण्याचं अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा शास्त्रीय उपकरणासारखा अचूक नसतो. पण आपल्याला अचूक आकडा नकोच आहे, आपल्याला दोन जोड्यांमधला फरक हवा आहे. तोच फोन, तेच अंतर, तेच व्हॉल्यूम ठेवलं तर फरक बऱ्यापैकी बरोबर मिळतो. रीत अशी:

- एका वेळी एकच जोडी जोडा. दुसरी पूर्ण सोडवून ठेवा. तारा जोडताना-सोडवताना अ‍ॅम्प्लिफायर बंद हवा.
- गाणं वाजवू नका, त्याचा आवाज सारखा वर-खाली होतो. एकच सूरही नको, कारण भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे खोलीत एका जागी तो मोठा आणि हातभर पलीकडे लहान येतो. 'पिंक नॉइज' नावाचा धबधब्यासारखा आवाज मिळतो, तो वाजवा. त्यात सगळ्या वारंवारता असतात.
- फोन स्पीकरसमोर १ मीटरवर धरा. आकडा लिहा. व्हॉल्यूमला हात न लावता दुसऱ्या जोडीचा आकडा घ्या.

आमची नवी जोडी ६ डेसिबलने वरचढ निघाली. दोन्ही जोड्या ८ ओहमच्याच. म्हणजे नवी ९२, तर जुनी ८६. जुन्या जोडीने नव्या जोडीएवढं वाजायचं असेल, तर तिला चौपट शक्ती हवी. त्या मुलाच्या प्रश्नाचं हे आकड्यातलं उत्तर.

६. उपाय कोणते?

एक मूळ नियम आधी सांगतो. हळू वाजणाऱ्याला ढकलू नका, मोठ्याला आवरा. हळू स्पीकरला चौपट शक्ती देत बसलं, की अ‍ॅम्प्लिफायरवरही ताण आणि स्पीकरवरही. आणि विसरू नका, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आपल्या सभागृहाचा आवाज शेजाऱ्यांच्या घरात जाता कामा नये.

उपाय पहिला: प्रत्येक जोडीला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. हा सगळ्यात सरळ मार्ग. दोन व्हॉल्यूम, दोन जोड्या, प्रश्न मिटला. ज्या स्पीकरच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यांच्या मागे व्हॉल्यूमचं बटणही असतं. तेही हेच काम करतं. घरच्या होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरची पातळी डेसिबलमध्ये कमी-जास्त करता येते. खर्च परवडत असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. पण शाळेत तो प्रश्न असतोच.

उपाय दुसरा: डाव्या-उजव्याचं पुढे-मागे करणं. अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूला फक्त पुढची जोडी जोडायची आणि उजव्या बाजूला फक्त मागची. आता बॅलन्सचं बटण आपोआप फेडर होतं! डावीकडे फिरवलं की पुढचं वाढतं, उजवीकडे फिरवलं की मागचं. एक पैशाचाही खर्च नाही. अट एकच: दोन्ही बाजूंना सारखाच आवाज जायला हवा, म्हणजे 'मोनो'. माइकचा आवाज बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखाच जातो. गाणं वाजवताना मात्र अ‍ॅम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा. ते नसेल, तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त मोनो ऑडिओ असतो, तो सुरू करा. नाही तर पुढच्यांना गायक आणि मागच्यांना नुसती बासरी ऐकू यायची!

"पण मग स्टिरिओचा भास जाईल ना, सर?" जाईल. पण सभागृहात तो मधल्या दोन-चार खुर्च्यांनाच मिळत होता. डाव्या कडेला बसलेल्या मुलाला तसाही डावा स्पीकरच ऐकू येतो.

उपाय तिसरा: एल-पॅड. घरी गाणी ऐकताना स्टिरिओ टिकवायचाच असेल, तर मोठ्या जोडीच्या प्रत्येक स्पीकरच्या वाटेत रोध लावून आवाज कमी करता येतो. नुसता ८ ओहमचा रोध एकसर लावला तरी ८ ओहमच्या स्पीकरचं विभवांतर निम्मं होतं, शक्ती पाव होते, म्हणजे बरोबर ६ डेसिबल कमी. पण त्यामुळे स्पीकरचा स्वभाव बदलतो. खालचे सूर सैल होतात. त्यापेक्षा दोन रोधांची जोडी बरी. ६ डेसिबलसाठी हिशोब किती सुंदर जमतो, पाहा:

- स्पीकरला समांतर ८ ओहम. ८ आणि ८ समांतर = ४ ओहम.
- त्या दोघांना मिळून एकसर ४ ओहम. ४ + ४ = ८ ओहम.

अ‍ॅम्प्लिफायरला वाटतं, समोर ८ ओहमचाच स्पीकर आहे. स्पीकरला मात्र निम्मं विभवांतर मिळतं. अ‍ॅम्प्लिफायरने २० वॅट दिले, तर एकसर रोधात १० वॅट, समांतर रोधात ५ आणि स्पीकरमध्ये ५ वॅट जातील. बेरीज २०. म्हणून हे रोध रेडिओतले काडीएवढे चालणार नाहीत. पांढऱ्या ठोकळ्यासारखे दिसणारे, जास्त वॅटचे वायरवाउंड रोध घ्यावे लागतात. ते तापतात, तेव्हा पडद्यापासून आणि कापसापासून दूर ठेवा. बटण फिरवून आवाज कमी-जास्त करता येईल असे तयार एल-पॅडही बाजारात मिळतात. घेताना ओहम आणि वॅट दोन्ही जुळवून घ्या. आणि एल-पॅडने आवाज जुळतो, पण दोन जोड्या समांतर लावल्यावर एकूण रोध किती होतो, हा हिशोब तरीही करावाच लागतो.

उपाय चौथा: १०० व्होल्ट लाइन. मोठ्या आवारात, जिथे कर्णे किंवा स्तंभासारखे स्पीकर लांब लांब लावलेले असतात, तिथे प्रत्येक स्पीकरबरोबर एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर ५, १०, १५ वॅट अशी वेगवेगळी टोकं असतात. जवळच्या स्पीकरची तार कमी वॅटच्या टोकाला लावायची, लांबच्याची जास्त वॅटच्या. या पद्धतीत समतोल तिथेच साधला जातो.

आता काय करू नये, तेही सांगून ठेवतो. रेडिओतलं व्हॉल्यूमचं छोटं बटण स्पीकरच्या तारेत लावू नका. त्यातला कार्बनचा पट्टा क्षणात जळतो. आणि एकाने विचारलं होतं, "सर, पंख्याचा रेग्युलेटर लावला तर?" मुळीच नाही! तो घरातल्या २३० व्होल्टच्या विजेसाठी असतो. त्याचा आणि स्पीकरचा काही संबंध नाही.

७. आम्ही काय केलं?

आम्ही दुसरा उपाय निवडला. पुढचे दोन नवे स्पीकर एकमेकांशी एकसर, मागचे दोन जुने एकमेकांशी एकसर. एकाच जातीचे असल्यामुळे एकसर जोडणीत अडचण नव्हती. प्रत्येक बाजूला १६ ओहम, म्हणजे पट्टीवरच्या मर्यादेत.

अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला एका बाजूला ४० वॅट देणारा होता. १६ ओहमला तो २० देईल, म्हणजे प्रत्येक स्पीकरला १०. "फक्त १० वॅट?" मुलांची तोंडं उतरली. पण हिशोब करा. जुना स्पीकर १ वॅटला ८६ डेसिबल, १० वॅटला ९६. शक्ती १० पट, म्हणून १० डेसिबल जास्त. आणि बॅलन्स फिरवून पुढच्या जोडीची शक्ती पाव केली, म्हणजे अडीच वॅट, तर तीही ९२ + ४ = ९६. जुळलं की नाही!

पण १ मीटरवर जुळलं म्हणजे सभागृहात जुळलं असं नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सभागृहात भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, पण उतरतोच. ऐकणारी मुलं स्पीकरपासून वेगवेगळ्या अंतरावर बसलेली असतात. म्हणून शेवटचं मोजमाप स्पीकरजवळ करायचं नाही, मुलं बसतात तिथे करायचं. आम्ही फोन तिसऱ्या रांगेत ठेवला, मग मधल्या, मग शेवटच्या. बॅलन्स थोडं थोडं फिरवत गेलो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर. स्टेजवरचा स्पीकर मागच्या स्पीकरपेक्षा १५ मीटर दूर असेल, तर त्याचा आवाज शेवटच्या रांगेत सुमारे ०.०४४ सेकंद उशिरा येतो. फरक याहून वाढत गेला आणि दोन्ही आवाज सारखे मोठे असले, तर शब्द एकमेकांवर चढतात, बोलणं घुमल्यासारखं होतं. म्हणून मागची जोडी मागच्या रांगांकडेच वळवली आणि गरजेपुरतीच मोठी ठेवली.

८. शेवटची परीक्षा कानाची

यंत्र सारखा आकडा दाखवतं, तरी कानाला दोन जोड्या वेगळ्या वाटू शकतात. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आपला कान सगळ्या वारंवारतांना सारखा दाद देत नाही. आवाज लहान असताना खालचे सूर कानाला आणखी कमी जाणवतात. एका जोडीत खालचे सूर भरपूर आणि दुसरीत कमी असतील, तर आकडा सारखा दिसूनही फरक जाणवतो.

मग आम्ही मराठीच्या तासाची युक्ती वापरली. श्रुतलेखन! माइकवरून एका मुलीने शब्द वाचले: गार, घार, दार, धार, पळ, फळ, कोरा, घोडा, तार, ठार. सगळ्या रांगांतल्या मुलांनी ते वहीत लिहिले. आवाज नुसता मोठा असून भागत नाही, 'ग' आणि 'घ' वेगळे कळले पाहिजेत. पहिल्या फेरीत मागच्या बाकांवर 'घार'ची 'गार' झाली आणि 'फळ'चं 'पळ'. बॅलन्स जरासा मागे सरकवला, खालचे सूर थोडे कमी केले, पुन्हा शब्द वाचले. दोन-तीन फेऱ्यांत पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या वह्या सारख्या झाल्या.

ती जागा सापडल्यावर बॅलन्सच्या बटणाशेजारी पांढऱ्या पट्टीची खूण चिकटवली आणि खाली लिहिलं, 'सभागृह भरलेलं असताना.' कारण रिकाम्या सभागृहात आवाज जास्त घुमतो. माणसं बसली, की त्यांचे कपडे आणि अंगं तो शोषून घेतात. संमेलनाच्या दिवशी पुन्हा थोडं जुळवावं लागलंच.

लक्षात ठेवा

- वॅट म्हणजे सहनशक्ती, आवाज नव्हे. आवाज पाहायचा तर संवेदनशीलता पाहा.
- समांतर जोडणीत कमी ओहमचा स्पीकर जास्त शक्ती ओढतो. एकूण ओहम अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेखाली जाऊ देऊ नका.
- आधी तारांची दिशा तपासा, मग फरक मोजा, मग उपाय ठरवा.
- हळू वाजणाऱ्याला ढकलू नका, मोठ्याला आवरा.
- समतोल स्पीकरपाशी नाही, शेवटच्या बाकावर तपासा.

सरावासाठी

१. एका स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल, दुसऱ्याची ९१. दोन्ही ८ ओहमचे. सारखा आवाज यायला पहिल्याला किती पट शक्ती लागेल? (उत्तर: २ पट)

२. ६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले. अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा किमान ४ ओहम. चालेल का? (उत्तर: एकूण ३ ओहम होतात. चालणार नाही.)

३. तुमच्या वर्गात श्रुतलेखनाचा प्रयोग करा. बाई किंवा सर माइकशिवाय दहा शब्द वाचतील. पहिल्या आणि शेवटच्या बाकावरच्या वह्या ताडून पाहा. शब्द कुठे चुकले आणि का, ते दोन ओळींत लिहा.

तिसरा प्रयोग झाला की कदाचित कळेल, शेवटच्या बाकावरचं मूल 'लक्ष देत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा कधी कधी त्याला नुसतं ऐकूच येत नसतं. आमच्याही सभागृहात हात हलवणाऱ्या मुलांना आधी "गप्प बसा" असंच सांगितलं गेलं होतं. आता तालीम सुरू होण्याआधी निवेदक पहिल्यांदा शेवटच्या रांगेला विचारतो, "ऐकू येतंय ना?"